अंतराळयानावरील शस्त्रांचे नियमबद्ध प्रतिमान : 'ट्रॅव्हलर' या भूमिका-खेळाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : प्रतिमान, भूमिका-खेळ, संभाव्यता, विवर्तन, गतिज ऊर्जा, युरिस्को

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या अध्यापनात 'प्रतिमान' ही संकल्पना आपण दररोज वापरतो. घर्षणरहित पृष्ठभाग, वस्तुमानहीन दोरी, बिंदुवत गोळा ही सारी प्रतिमानेच होत. मात्र त्यातून कोणती गोष्ट वगळली, ती का वगळली आणि वगळल्यामुळे काय बिघडले, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, त्यात आकडे घालतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा होतो. सूत्र हे निसर्गाचेच दुसरे नाव आहे, अशी त्याची समजूत होऊन बसते आणि पदवी हाती आली तरी ती सुटत नाही.

या समजुतीला धक्का देण्यासाठी प्रस्तुत लेखकाने एक काहीसे अनपेक्षित साधन वापरून पाहिले. ते म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या एका अमेरिकन खेळाची नियमपुस्तिका. त्या खेळात अंतराळयाने आहेत, त्यांवर लेझर व क्षेपणास्त्रे आहेत आणि त्यांचे सारे वर्तन दोन फासे व काही बेरजा-वजाबाक्या यांत बसविलेले आहे. भौतिकशास्त्राच्या नजरेने असे नियम तपासताना त्यांत चुका शोधण्याचा मोह होतो. पण चुकांची यादी हे या लेखाचे प्रयोजन नाही. अशा नियमाची वास्तवता त्यातील आकड्यांच्या अचूकतेवरून ठरवू नये. खेळाडूला ज्या राशींचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो, त्याच राशी प्रत्यक्षातही निर्णायक ठरतात का, यावरून ती ठरवावी, असे येथे सुचवावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप

भूमिका-खेळात पट असलाच पाहिजे असे नाही आणि हारजीतही ठरलेली नसते. चार-पाच खेळाडू प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. आणखी एक जण पंच होतो. त्याचे काम मात्र क्रिकेटच्या पंचापेक्षा आपल्या नाटकातील सूत्रधाराच्या अधिक जवळचे असते. तो प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. सारीपाटात दान पडले की सोंगटी किती घरे पुढे जाणार हे लगेच कळते. येथे त्याच दानाचा अर्थ लावण्यासाठी नियमपुस्तिका उघडावी लागते.

या प्रकारातील 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पहिला प्रसिद्ध खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. 'ट्रॅव्हलर' १९७७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या संस्थेने प्रकाशित केला. त्याचे रचनाकार मार्क मिलर. एका पेटीत तीन लहान काळ्या पुस्तिका असे त्याचे स्वरूप होते व त्यांतील दुसरी पुस्तिका अंतराळयानांविषयी होती. १९८१ मध्ये या पुस्तिकांची सुधारित आवृत्ती निघाली. पुढील विवेचन मुख्यतः त्या आवृत्तीला धरून आहे. ही संस्था मूळची युद्धखेळ तयार करणारी होती, ही बाब ध्यानात ठेवली म्हणजे नियमांतील काटेकोरपणाचा उलगडा होतो.

गतीचा नियम

शस्त्राआधी गतीचा विचार करावा लागतो, कारण अवकाशात शस्त्राचा परिणाम वेगावर अवलंबून असतो. चित्रपटांतील अंतराळयाने समुद्रावरील जहाजांप्रमाणे किंवा विमानांप्रमाणे वळतात. इंजिन थांबले की तीही थांबतात. 'ट्रॅव्हलर'ने हा मार्ग स्वीकारला नाही. याच संस्थेच्या 'ट्रायप्लॅनेटरी' या १९७३ च्या खेळात मिलर आणि जॉन हार्शमन यांनी यानाची मागील फेरीतील सदिश रेषा पटावर आखून ठेवण्याची व पुढील फेरीत तीच रेषा पुढे वाढवून तिच्यात इंजिनाने केलेला बदल मिळविण्याची पद्धत आणली होती. न्यूटनचा पहिला नियम पेन्सिलीने आखता येतो, हे या पद्धतीने दाखवून दिले.

'ट्रॅव्हलर'च्या १९८१ च्या आवृत्तीत एका फेरीचा कालावधी १,००० सेकंद आहे आणि टेबलावरील १ मिलिमीटर म्हणजे अवकाशातील १०० किलोमीटर असे प्रमाण आहे. पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे सुमारे १० मीटर प्रतिसेकंद वर्ग, त्वरण एक फेरीभर ठेवले तर वेगात १० किलोमीटर प्रतिसेकंद इतकी वाढ होते. या वेगाने १,००० सेकंदांत १०,००० किलोमीटर अंतर कापले जाते. टेबलावर ते बरोबर १०० मिलिमीटर भरते. शाळेतल्या पट्टीने मोजता यावे म्हणून ही प्रमाणे किती विचारपूर्वक निवडली आहेत, हे यावरून दिसते. चिकित्सक विद्यार्थी येथे हरकत घेईल की, स्थिर स्थितीतून निघालेले यान पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे, म्हणजे ५,००० किलोमीटरच जाईल. हरकत रास्त आहे. नियम आधी वेग बदलतो आणि मग त्या नव्या वेगाने संपूर्ण फेरीचे विस्थापन करतो. गणिताच्या प्राध्यापकांना यात ऑयलरच्या अंकीय पद्धतीचा एक प्रकार ओळखू येईल. त्रुटी आहे, परंतु ती दोन्ही यानांना सारखीच लागू होते आणि खेळाडूचा निर्णय तिने फिरत नाही. आज इंजिन लावले तर पुढे केव्हातरी तेवढेच उलट लावावे लागेल, ही अवकाशातील खरी अडचण या नियमात जशीच्या तशी उतरली आहे.

लेझर आणि अंतर

आता शस्त्राकडे वळू. नियमानुसार यानाच्या दर १०० टनांमागे एक फिरते टरेट बसविता येते आणि त्यात लेझर, क्षेपणास्त्र-प्रक्षेपक किंवा वाळूफेक यंत्र ठेवता येते. लेझर डागल्यावर दोन फासे टाकावयाचे. बेरीज ८ किंवा अधिक आली तर नेम लागला. अंतर २,५०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर दानातून २ वजा करावयाचे आणि ५,००,००० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर ५. यानावरील संगणकात योग्य प्रोग्रॅम असतील तर त्यातील काही वजावट भरून निघते.

या वजावटींचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत पाहणे उद्बोधक आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ८ किंवा अधिक बेरीज देणाऱ्या १५ आहेत. वजावट २ झाली की दान १० किंवा अधिक हवे. अशा शक्यता ६ उरतात. वजावट ५ झाली की १३ हवेत आणि दोन फाशांवर ते पडतच नाहीत. म्हणजे दूरच्या लक्ष्यावर संगणकाच्या मदतीविना नेम धरणे या नियमात अशक्य आहे. वजावटीचे एकक सारखे असले तरी तिची किंमत सारखी नसते. मधल्या दानापाशी एका गुणाने पुष्कळ फरक पडतो, टोकापाशी थोडा. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविण्यास याहून सुटसुटीत उदाहरण प्रस्तुत लेखकास तरी आढळलेले नाही.

प्रत्यक्षात लेझर अंतराबरोबर कसा वागतो? प्रकाशाचा कोणताही शलाका-झोत विवर्तनामुळे पसरतो. ठिपक्याची त्रिज्या ही १.२२ गुणिले तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले आरशाचा व्यास, इतकी असते. तरंगलांबी ५०० नॅनोमीटर व आरसा १ मीटर व्यासाचा घेतला, तर १,००० किलोमीटरवर ठिपक्याची त्रिज्या सुमारे ६१ सेंटिमीटर भरते. २,५०,००० किलोमीटरवर तीच सुमारे १५२ मीटर होते. लेझरची शक्ती १०० मेगावॅट मानली, तर पहिल्या ठिकाणी दर चौरस मीटरला सुमारे ८५ मेगावॅट इतकी तीव्रता मिळते आणि धातू वितळतो. दुसऱ्या ठिकाणी ती ६२,५०० पटींनी कमी होऊन दर चौरस मीटरला सुमारे १.३७ किलोवॅट उरते. पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्यप्रकाशाची तीव्रता जवळजवळ एवढीच असते! ज्या अंतरावर पुस्तिका दानातून २ वजा करावयास सांगते, त्या अंतरावर आपला लेझर शत्रूच्या यानाला ऊन देत असतो.

मग नेम चुकण्याचे काय? प्रकाशाला ३,००,००० किलोमीटर जाण्यास एक सेकंद लागतो. लक्ष्याची प्रतिमा आपल्यापर्यंत येण्यास एक सेकंद आणि आपला झोत तेथे पोहोचण्यास आणखी एक सेकंद, म्हणजे त्या अंतरावर आपली माहिती दोन सेकंद जुनी ठरते. तेवढ्या वेळात एक गुरुत्वत्वरणाने हुलकावणी देणारे यान अपेक्षित जागेपासून २० मीटर सरकेल. पण तेथे लेझरच्या ठिपक्याची त्रिज्या १८३ मीटर आहे. हुलकावणी अंतराच्या वर्गाने वाढते व ठिपका अंतराच्या प्रमाणात. वरील आकडे घेतले तर हुलकावणी ठिपक्याच्या पुढे जाण्यास सुमारे २७ लाख किलोमीटर अंतर लागते. यावरून एक निराळेच चित्र पुढे येते. नियम म्हणतो की दूरचा लेझर चुकतो. गणित म्हणते की तो लागतो, पण इजा करीत नाही. अंतर ही राशी नियमात आहे खरी, पण ती चुकीच्या जागी बसविली आहे.

नियमाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरसा बराच मोठा केला तर ठिपका लहान होतो आणि मग नेमाची अचूकता खरोखरच महत्त्वाची ठरते. २,५०,००० किलोमीटरवरील १० मीटर रुंदीच्या लक्ष्यावर झोत रोखून धरणे म्हणजे सुमारे ०.००८ कोनीय सेकंद इतकी स्थिरता राखणे होय. हबल दुर्बिणीची स्थिरता साधारण याच कोटीतील, म्हणजे ०.००७ कोनीय सेकंद आहे. परंतु ती दुर्बीण इंजिने चालू ठेवून लढत नाही. तेव्हा धक्के खाणाऱ्या यानाचा नेम अंतराबरोबर बिघडणे अगदीच निराधार नाही. तरीही अंतराचा संबंध फक्त नेमाशी जोडणे व आघाताशी मुळीच न जोडणे, ही समुद्रावरील तोफांच्या युद्धखेळांतून आलेली सवय दिसते.

वाळूचा ढग

वाळूफेक यंत्र हे नाव ऐकून विद्यार्थी हसतात, पण संपूर्ण पुस्तिकेतील सर्वांत सुंदर नियम हाच आहे. यानाभोवती बारीक कणांचा ढग सोडला जातो व तो येणाऱ्या लेझरला अडवितो. लेझरच्या मार्गात असा २५ मिलिमीटर जाडीचा ढग असेल तर दानातून ३ वजा होतात. १५ शक्यतांच्या जागी ३ उरतात. संरक्षण पाचपटींनी वाढते.

खरे सौंदर्य पुढे आहे. सोडलेल्या वाळूला यानाचा त्या क्षणीचा वेग मिळतो आणि ती त्याच वेगाने सरळ जात राहते. म्हणून यान जोवर इंजिन लावीत नाही तोवरच ढग त्याच्यासोबत राहतो. दिशा बदलली की यान ढगातून बाहेर पडते आणि उघडे होते. खेळाडूसमोर मोठा पेच उभा राहतो. सुरक्षित राहावे तर मार्ग शत्रूला आधीच ठाऊक होतो आणि मार्ग बदलावा तर कवच जाते. जडत्वाचा नियम येथे कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही, तो खेळाडूच्या निर्णयातच बसलेला आहे. वजावट ३ असावी की ४, हा प्रश्न यापुढे गौण ठरतो.

क्षेपणास्त्रांचा नियम मात्र याच्या तुलनेत निराशा करतो. क्षेपणास्त्र लक्ष्याशी पोहोचले की एका फाशाच्या दानाइतके आघात होतात, मग ते कोणत्याही वेगाने येवो. आता ३ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या एक किलोग्रॅम वस्तूची गतिज ऊर्जा ४५ लाख जूल, म्हणजे तेवढ्याच टीएनटीच्या स्फोटापेक्षा किंचित अधिक असते. 'ट्रॅव्हलर'मध्ये एका फेरीत १० किलोमीटर प्रतिसेकंद वेग येतो. तेथे एका किलोग्रॅमची किंमत बारा किलोग्रॅम टीएनटी होते. दहा फेऱ्या, म्हणजे तीन तासांहून कमी वेळ, सरळ त्वरण दिले तर वेग १०० किलोमीटर प्रतिसेकंद होतो आणि वाळूचा एक मिलिग्रॅमचा कणही ५,००० जूल ऊर्जा घेऊन येतो. रायफलच्या गोळीपेक्षा ती अधिक आहे. अशा वेळी स्फोटकाग्र ही शोभेची वस्तू ठरते आणि वाळूफेक यंत्र हेच भयंकर शस्त्र होते. पुस्तिका याविषयी मौन पाळते.

हा केवळ कल्पनेचा प्रांत नाही. २७ मार्च २०१९ रोजी भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने 'मिशन शक्ती' अंतर्गत सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील स्वतःचा उपग्रह पाडला, तो प्रत्यक्ष धडकेच्या ऊर्जेने. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह योगायोगाने धडकले तेव्हा त्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक होता आणि दोहोंच्या हजारो ठिकऱ्या झाल्या. तेथेही स्फोटक काहीच नव्हते.

'हाय गार्ड' : यादीतील युद्ध

दोन-चार याने लढतात तोवर पट्टी आणि पेन्सिल पुरते. शेकडो यानांच्या नौदलांची लढाई खेळावयाची तर दुसरा मार्ग हवा. १९८० च्या सुमारास स्थिर झालेल्या 'हाय गार्ड' या पुस्तिकेने तो दिला. येथे नकाशाच नाही. प्रत्येक ताफ्याच्या दोन रांगा असतात, एक आघाडीची व एक राखीव. अंतर दोनच प्रकारचे, लांबचे आणि जवळचे. प्रत्येक यान अंक आणि अक्षरे यांच्या एका ओळीने व्यक्त होते : आकार, चपळता, संगणक, चिलखत, शस्त्रे. लढाई म्हणजे या ओळींची कोष्टकांमधून होणारी टक्कर.

येथील मोठी शस्त्रे यानाच्या कण्याच्या लांबीने बसविलेली असतात. या कल्पनेला इतिहासात एक लहानसे उदाहरण सापडते. सोव्हिएत संघाच्या १९७४ मध्ये सोडलेल्या सॅल्युत ३ या लष्करी स्थानकावर एक तोफ होती. ती पक्की बसविलेली असल्याने नेम धरण्यासाठी संपूर्ण स्थानकच वळवावे लागे. अवकाशात नेलेली व डागलेली तोफ म्हणून ती ओळखली जाते.

'हाय गार्ड'मधील मेसॉन तोफेचे तर्कशास्त्र आणखी मजेदार आहे. मेसॉन हे कण चिलखतातून आरपार जातात, यानाच्या पोटात नेमक्या जागी त्यांचा क्षय होतो आणि आतून स्फोट होतो, अशी ही कल्पना. विद्युतभारित पायॉनचे सरासरी आयुष्य २६ नॅनोसेकंद असते; तेवढ्यात प्रकाशही आठ मीटरपेक्षा कमी अंतर जातो. सापेक्षतावादातील कालविस्ताराच्या आधारे त्याला १०,००० किलोमीटर नेण्यासाठी प्रत्येक कणाला सुमारे १८० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा द्यावी लागेल. जिनिव्हाजवळील लार्ज हेड्रॉन कोलायडर २०२२ पासून एका झोतातील प्रोटॉनला ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट देतो. ऊर्जेची अडचण बाजूला ठेवली तरी क्षय ही यादृच्छिक घटना आहे. कण नेमून दिलेल्या ठिकाणी फुटत नाहीत, ते वाटेत सर्वत्र फुटत जातात. त्यातून पायॉन हे पदार्थाशी तीव्र आंतरक्रिया करतात, तेव्हा चिलखत त्यांना आरपार जाऊ देईल अशीही आशा नाही. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर हे शस्त्र एक क्षणही टिकत नाही. परंतु रचनाकाराने ते का आणले, हे स्पष्ट दिसते. चिलखत वाढविणे हेच एकमेव उत्तर ठरले असते तर साऱ्या नौका सारख्याच झाल्या असत्या. ती कोंडी फोडण्यासाठी चिलखताला न जुमानणारे काहीतरी हवे होते. निमित्त विज्ञानाचे आहे. गरज नियमांची आहे.

युरिस्कोचे प्रकरण

नियम आणि वास्तव यांतील ही फट किती खोल जाऊ शकते, हे १९८१ मध्ये दिसून आले. 'हाय गार्ड'च्या नियमांवर आधारित 'ट्रिलियन क्रेडिट स्क्वॉड्रन' या स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाने एक ट्रिलियन काल्पनिक क्रेडिटच्या मर्यादेत ताफा तयार करावयाचा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनॅट हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करीत होते. त्यांनी हा खेळ पूर्वी कधी खेळलेला नव्हता. त्यांनी आपल्या 'युरिस्को' या प्रोग्रॅमला नियम पुरविले. तो रात्री चालत राही, ताफे रचून आपसांत लढवी आणि सकाळी लेनॅट निकाल पाहून त्यातील निरर्थक भाग छाटीत.

कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ येथील स्पर्धेत युरिस्कोचा ९६ नौकांचा ताफा उतरला. इतरांनी मोठ्या, वेगवान, डौलदार नौका आणल्या होत्या. युरिस्कोच्या बहुतेक नौका संथ, जाड चिलखताच्या आणि लहान शस्त्रांनी खच्चून भरलेल्या होत्या. त्यांच्यासोबत एक अतिशय लहान व चपळ नौकाही होती. नियमांनुसार तिला लक्ष्य करणे जवळजवळ अशक्य होते. युरिस्को जिंकला. १९८२ मध्ये नियम बदलून ताफ्याच्या चपळतेला महत्त्व देण्यात आले. तेव्हा युरिस्कोने आपल्याच जखमी नौका नष्ट करून उरलेल्या ताफ्याची चपळता टिकविण्याची युक्ती शोधली आणि तो पुन्हा जिंकला. पुढील वर्षीही असेच झाले तर स्पर्धाच बंद करावी लागेल, असे संयोजकांनी सुचविल्यावर लेनॅट यांनी माघार घेतली.

या प्रसंगाचा उल्लेख बहुधा यंत्राच्या चातुर्याचे उदाहरण म्हणून होतो. लेनॅट यांनी स्वतः मात्र श्रेयाची विभागणी सुमारे साठ टक्के स्वतःकडे आणि चाळीस टक्के प्रोग्रॅमकडे अशी केली होती. प्रस्तुत लेखकाला त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. इतर स्पर्धक नियमांमागील अवकाशाची कल्पना करीत होते. जहाज कसे दिसावे, सेनापतीने कसे वागावे, याचे संस्कार त्यांच्या मनावर होते. युरिस्कोला अवकाश ठाऊकच नव्हते. त्याला फक्त नियम ठाऊक होते. म्हणून प्रतिमानात जे नाही ते त्याने हिशेबात धरले नाही आणि जे आहे त्याचा शेवटच्या अंशापर्यंत फायदा घेतला. नकाशा नसलेल्या युद्धात संथपणाची किंमत कोणी मोजत नाही, जखमी नौकेवरील माणसांची तर नाहीच. गुणांसाठी नेमलेले निकष आणि प्रत्यक्ष गुणवत्ता यांत अंतर पडते तेव्हा काय घडते, हे मूल्यांकनाचे तक्ते भरणाऱ्या आपणा प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

वर्गातील प्रयोग

तृतीय वर्ष भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने लेझरचा नियम 'दुरुस्त' करण्याचा प्रयत्न केला. फळ्यावर गणित मांडताना १.२२ हा गुणक ठिपक्याच्या व्यासासाठी वापरला गेला; तो त्रिज्येसाठी आहे, हे मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने दाखविले. तीव्रता चौपट चुकली होती. ती सुधारून नवे कोष्टक तयार केले : नेम नेहमी लागणार, आघात अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आकडे निर्दोष होते. खेळ मात्र पंधरा मिनिटांत संपला. दूर असताना काहीच होईना. जवळ आल्यावर ज्याने प्रथम डागले तो जिंकला. खेळाडूला ठरविण्यासारखे काही उरले नाही आणि विद्यार्थ्यांनी तसे स्पष्ट सांगितले.

मूळ पुस्तिकेत संगणकाची जागा इतकी अपुरी ठेवली आहे की नेम सुधारणारा व बचाव करणारा असे सारे प्रोग्रॅम एका वेळी चालविता येत नाहीत. आज खिशातील फोनची क्षमता पाहता ही टंचाई हास्यास्पद वाटते, पण निर्णय तिच्यामुळेच जिवंत राहत होता. आमच्या दुरुस्त नियमाला अशीच, परंतु खरी, टंचाई हवी होती.

ती उष्णतेत सापडली. १०० मेगावॅटचा लेझर २५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर ३०० मेगावॅट उष्णता यानातच राहते. निर्वात अवकाशात ती फक्त प्रारणाने बाहेर टाकता येते. स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार १,००० केल्विन तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोवॅट प्रारण करतो. म्हणजे ५,००० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग हवा. एवढे पंखे पसरले तर यान स्वतःच मोठे लक्ष्य होते आणि मिटून घेतले तर काही वेळाने लेझर बंद ठेवावा लागतो. २००४ मध्ये अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा गेम्स या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या 'अटॅक व्हेक्टर : टॅक्टिकल' या युद्धखेळात उष्णतेचा हा हिशेब फेरीगणिक ठेवावा लागतो. 'ट्रॅव्हलर'च्या दुसऱ्या पुस्तिकेत तो नाही.

आम्ही प्रत्येक यानाला उष्णतेचा एक स्तंभ दिला. लेझर डागला की त्यात भर पडते. पंखे उघडे असतील तर घट होते. उघड्या पंख्यांवर मात्र दूरच्या, दुबळ्या लेझरनेही इजा होते. वाळूचा नियम जसा होता तसा ठेवला. दुसऱ्या शनिवारी खेळ दोन तास चालला. वाळूच्या आड पंखे उघडावेत आणि तोवर इंजिन लावू नये, ही युक्ती तिसऱ्या फेरीतच एका गटाने शोधली. नियम लिहिताना ती आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. ती अवकाशात खरोखर चालली असती, की हे आमच्या कोष्टकातील युरिस्कोचे बीळ होते, यावर त्या दिवशी वर्गात वाद झाला. वाळू जशी येणारा झोत अडविते तशीच ती पंख्यांचे प्रारणही अडवून परत फिरविणार, असा आक्षेप एका विद्यार्थ्याने घेतला. ढगाची घनता आमच्या कोष्टकात कोठेच नव्हती. ती किती धरावी, याचे गणित त्याच्यावरच सोपविले आहे.